दंतकथेतलं नाही, खरंखुरं विमान उडवून दाखवणारा कोल्हापूरचा माणूस: डॉ. विष्णू माधव घाटगे

पाचोडच्या मोसंबीच्या बागांमध्ये ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ब्रेकची दोन वेगवेगळी पेडल कशाला असतात? ओळीच्या टोकाला जागा कमी असते. नुसत्या स्टेअरिंगनं एवढं धूड तिथं वळत नाही. मग डावा ब्रेक दाबायचा. डावं चाक थांबतं, उजवं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जवळपास जागच्या जागी डावीकडे वळतो. डांबरी रस्त्यावर आलं की मात्र दोन्ही पेडल कडीनं जोडून टाकायची, नाहीतर वेगात एकच ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटायचा.

एवढं डोक्यात ठेवा. कारण स्वतंत्र भारतानं स्वतःच्या आराखड्यावर जे पहिलं विमान बांधलं, त्याचा अर्धा कस लागायचा तो पायलटच्या पायांचा. ते विमान म्हणजे एचटी-2, आणि ते बनवणाऱ्या टीमचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे.

मराठी विमानकर्ता म्हटलं की सोशल मीडियावर एकच नाव फिरतं, शिवकर बापूजी तळपदे. 1895, चौपाटी, बिनमाणसाचं विमान. या उड्डाणाचा भक्कम पुरावा आजवर कुणी पुढे आणलेला नाही. पुढे वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथातल्या विमानांचीही हवा झाली. 1974 साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी त्या ग्रंथाची तपासणी केली आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. गंमत अशी, की त्याच संस्थेत विमानविद्येचा विभाग उभा करणारा माणूस मराठीच होता. त्याचं विमान उडालं, दीडशेच्या वर बांधलं गेलं, हवाई दलाच्या पोरांनी त्यावर शिक्षण घेतलं, आणि तरी त्याच्या नावाची पोस्ट कधी व्हायरल होत नाही.

घाटगेंचा जन्म 24 ऑक्टोबर 1908 चा, कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावातला. शिक्षण मुंबई विद्यापीठात झालं आणि तिथून ते पोचले थेट जर्मनीत, गॉटिंगेनला. तिथं लुडविग प्रांट्ल नावाचे प्राध्यापक होते. हवा किंवा पाणी एखाद्या पृष्ठभागावरून वाहतं तेव्हा त्याला अगदी चिकटून असलेला पातळ थर वेगळा वागतो, हे त्यांनी 1904 साली मांडलं होतं. पंखावर उचल कशी तयार होते, विमान अचानक ती उचल का गमावतं, याची आजची समज त्या थरावर उभी आहे. विमानशास्त्राची काशीच म्हणा ना. 1936 मध्ये घाटगेंनी प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट घेऊन माणूस भारतात परतला, आणि इथं विमानाचा कारखानाच नव्हता. जगातल्या सगळ्यात चांगल्या आचाऱ्याकडे शिकून यावं आणि गावात चूलच नसावी, तशी गत.

ती चूल पेटवली वालचंद हिराचंद यांनी. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकानं म्हैसूर सरकारला सोबत घेऊन डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आजची एचएएल ती हीच. घाटगे तिथं दाखल झाले आणि त्यांनी दहा जण बसू शकतील असं सैनिकवाहू ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, डिझाईन केलं. 1941 मध्ये ते उडालंसुद्धा. पण ते एकच बनलं. महायुद्ध अंगावर आलं होतं, सरकारनं कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे तो अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. नवं काही आखायचं कामच उरलं नाही.

मग घाटगे त्याच शहरातल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले. डिसेंबर 1942 मध्ये तिथं विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. देशात या विषयाचे शिक्षक शोधून सापडत नव्हते त्या काळात त्यांनी तो घडवला. विमान बांधायचं तर आधी विमान बांधणारी माणसं लागतात. युद्धामुळे मिळालेली सक्तीची विश्रांती त्यांनी त्या कामी लावली, असं म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाची पोरं शिकत होती ती ब्रिटिशांच्या टायगर मॉथवर. दोन मजली पंखांचं, लाकूड-कापडाचं, 1931 साली पहिल्यांदा उडालेलं विमान. 1948 मध्ये नव्या प्रशिक्षण विमानाच्या कामाला मंजुरी मिळाली आणि घाटगे एचएएलच्या डिझाईन टीमचे म्होरके झाले. बाहेरचं तयार डिझाईन आणून जोडणी करणं सोपं होतं. प्रेंटिस नावाच्या ब्रिटिश विमानाबाबत एचएएलनं तेच केलं. घाटगेंच्या टीमनं मात्र कोऱ्या कागदावरून सुरुवात केली.

आता त्या पायांकडे वळू.

एचटी-2 पूर्ण धातूचं होतं. खाली एकच पंख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 35 फूट. दोन आसनं, एकामागे एक. दोन मोठी चाकं पुढे आणि छोटं तिसरं चाक शेपटीखाली. अशा विमानाला पायलट मंडळी टेलड्रॅगर म्हणतात. शेपूट जमिनीवर टेकवून, नाक वर करून उभं राहणारं.

याची खोड अशी, की विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे एकवटलेलं असतं. बैलगाडी बैलांनी ओढली तर सरळ जाते. तीच गाडी जू धरून मागे ढकलत न्या, जरा तिरपी झाली की आणखी तिरपी व्हायला बघते. टेलड्रॅगर धावपट्टीवर तसंच वागतं. नाक थोडं डावीकडे गेलं आणि पायलट गाफील राहिला, तर मागचं वजन पुढे येऊ पाहतं आणि विमान गर्रकन फिरतं. पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पाय मोडतो. त्यात पंख्यानं मागे फेकलेली हवा शेपटीला एका बाजूला रेटत असते, शिवाय आडवा वारा असतोच. विद्यार्थी तर पहिल्यांदाच बसलेला.

यावर इलाज एकच, पायांखालची दोन पेडल. डावं पुढे रेटलं की शेपटीच्या उभ्या फळीचं, म्हणजे रडरचं, मागचं टोक डावीकडे वळतं, वारा शेपटीला उजवीकडे ढकलतो आणि नाक डावीकडे येतं. सायकलवाल्याचा इथं हमखास घोटाळा होतो, कारण हँडलचा डावा दांडा पुढे ढकलला की सायकल उजवीकडे जाते. पण डाव्या पायानं डावीकडे ही रीत विमानविद्येच्या बाल्यावस्थेतच रुळली. 1909 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या फ्रेंच ब्लेरिओच्या विमानातही हातात दांडा आणि पायाखाली आडवी पट्टी होती.

आज घरी छोटं विमान बांधणाऱ्या हौशी माणसाला विचारलं तर तो सांगेल, की पेडल बसवणं दिसायला सोपं आणि करायला किचकट काम आहे. ट्रॅक्टरची पेडल सुटी असतात, विमानाची एकमेकांशी बांधलेली असतात. एक पुढे गेलं की दुसरं मागे आलंच पाहिजे. पेडलपासून शेपटीपर्यंत पोलादी तारा जातात. त्या फार ताणल्या तर पाय जड, सैल ठेवल्या तर पाय हलतो आणि शेपूट उशिरा ऐकते. टेलड्रॅगरमध्ये तो उशीर महागात पडतो. तार वाटेत कुठं घासली तर धागा धागा तुटत जाते आणि बाहेरून कळतही नाही. शेपटीचं चाकही बहुतेक वेळा स्प्रिंगांनी रडरला जोडलेलं असतं, म्हणजे वेग कमी असताना वारा पुरेसा नसला तरी पाय कामी येतात. शिवाय अनेक विमानांत पेडलच्या वरच्या भागात त्या त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक असतो. ट्रॅक्टरवाल्याची युक्तीच ती. पण बूट थोडा वर सरकला आणि रडरऐवजी ब्रेक लागला तर विमान नाकावर आपटू शकतं. म्हणून पेडलची उंची, कोन, आसनापासूनचं अंतर, सगळं माणसाच्या पायाला मापून ठरवावं लागतं.

प्रशिक्षण विमानात हे सगळं दुप्पट. पुढे एक जोडी, मागे एक जोडी, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. शिष्याचा पाय चुकला की गुरूच्या तळव्याला कळतं, आणि घाबरलेल्या पोरानं पेडल गच्च दाबून धरलं तर गुरूला पायानंच त्याच्याशी झुंजावं लागतं. चांगलं लढाऊ विमान कुशल पायलटसाठी असतं. प्रशिक्षण विमान मात्र चुका करणाऱ्यासाठी बनवायचं असतं, आणि ते जास्त अवघड आहे. ते इतकं सोपंही चालत नाही की पोरगा काहीच शिकणार नाही, आणि इतकं खट्याळही नाही की पोरगा जिवानिशी जाईल.

ऑगस्ट 1951 मध्ये एचटी-2 बंगळुरूत पहिल्यांदा आकाशात गेलं. चालवत होते जमशेद मुन्शी. नमुन्याच्या विमानाला ब्रिटिश जिप्सी मेजर इंजिन होतं, पुढच्या विमानांना सिरस मेजर. इंजिन बाहेरचं होतं, विमानाचा सांगाडा आणि त्यामागचं गणित इथलं. हवाई दलातून टायगर मॉथची सद्दी संपली. मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरच्या तळावर कित्येक पायलटांनी पहिले धडे एचटी-2 वरच गिरवले. घानाचं हवाई दल उभं राहत होतं तेव्हा त्यांनाही भारताकडून 12 एचटी-2 मिळाली.

पुढे 1958 मध्ये एचएएलचं पुष्पक आलं, फ्लाइंग क्लबांसाठीचं कापडी पोशाखाचं हलकं विमान. पाठोपाठ कृषक. दोन्हींच्या शेपटीखाली चाक.

1956 मध्ये मारुत या लढाऊ विमानासाठी सरकारनं जर्मन कुर्ट टँक यांना बोलावलं. मारुतवर आजही भरपूर लिहिलं जातं, आणि त्या झोतात आधीच्या आठ वर्षांचं काम झाकलं गेलं. हा थोडा अन्यायच. कारण टँक आले तेव्हा त्यांच्या हाताशी विमान बांधून उडवलेली भारतीय माणसं होती. ती आकाशातून पडली नव्हती.

घाटगेंच्या देखरेखीखाली आणखी एक प्रशिक्षण विमान घडलं, जेट इंजिनाचं किरण. ते 4 सप्टेंबर 1964 रोजी उडालं. यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत आणि तिसरं चाक शेपटीखालून नाकाखाली आलं होतं. वजन मुख्य चाकांच्या पुढे गेलं की विमान धावपट्टीवर आपोआप सरळ व्हायला बघतं. जगभर वारं तिकडेच वाहत होतं. 1965 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

6 डिसेंबर 1991 रोजी घाटगे गेले. तोवर एचटी-2 ची जागा एचपीटी-32 दीपकनं घेतली होती. त्याचंही पुढचं चाक नाकाखाली होतं. पायांखालची पेडल मात्र तशीच, डाव्या पायानं डावीकडे.