दगडापासून खिळ्यापर्यंत : गणपत कृष्णाजी

माझं गाव श्रीगोंदा. म्हणजे शेख महंमद महाराजांचं श्रीगोंदा. आमचे आण्णा तिथले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागची फळी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, काष्टीच्या बाजारात जाणाऱ्या टेम्पोवरचं नाव, हे सगळं त्यांनी तीस वर्षं हाताने लिहिलं. मग फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम निम्म्याच्याही खाली गेलं. उरलं ते मानपत्रं, प्रशस्तिपत्रकांवरची नावं आणि देवळातल्या संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावं आखून देणं. आण्णा दगडावर अक्षरं काढायचे आणि पाथरवट छिन्नीने ती कोरायचा. गेल्या वर्षी पाथरवटाने काम सोडलं आणि आण्णांच्या डोक्यात आलं की कोरायचं मशीन आपणच घ्यावं. सव्वादोन लाखांचं कोटेशन माझ्या व्हॉट्सॲपवर आलं. खाली एकच ओळ होती, तू इंजिनिअर होतोयस तर बघ.

मी थर्ड इयर मेकॅनिकल. बघायला बसलो मशीनचं आणि वाचत गेलो एका माणसाबद्दल, त्याची ही गोष्ट. नाव गणपत कृष्णाजी. मराठी मुद्रणाच्या इतिहासात एका ओळीत येतं : 1831 साली पहिलं छापील मराठी पंचांग काढणारा. त्या एका ओळीत काय दडलंय ते मला आण्णांच्या कोटेशनमुळे कळलं.

गणपत कृष्णाजी मुंबईचे, जातीने भंडारी. शिक्षण म्हणावं असं काही नव्हतं. अमेरिकन मिशनचा छापखाना त्यांनी जवळून पाहिला होता. हे तेच मिशन, ज्याने 1831 मध्ये आपल्या अहमदनगरात (आता अहिल्यानगर) ठाणं मांडलं आणि 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ काढलं. मिशनवाले मराठीत ख्रिस्ती धर्माची पुस्तकं छापत. ती पाहून गणपतरावांच्या मनात आलं की असेच आपले ग्रंथ का छापू नयेत? छापखाना काढणारे ते मुंबईतले पहिले देशी गृहस्थ मात्र नव्हेत. फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थांनी 1812 मध्येच गुजराती छापखाना काढला होता, आणि गंमत म्हणजे ते आधी पुस्तकं बांधायचे! एका धंद्याला दुसरा जोडायची ही रीत जुनीच आहे म्हणायची.

गणपतरावांनी सुरुवात केली शिळाछापाने. हा शिळाछाप म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण माझ्या रूममधल्या चौघांनाही माहीत नव्हतं. एक विशिष्ट बारीक कणांचा चुनखडीचा दगड घोटून सपाट करायचा. त्यावर तेलकट शाईने लिहायचं, मग दगड पाण्याने ओला करायचा. जिथे तेलकट अक्षर आहे तिथे पाणी धरत नाही आणि जिथे पाणी आहे तिथे छापायची शाई बसत नाही. कागद ठेवून दाबला की अक्षर उठतं. कोरायचं काहीच नाही, सगळं रसायन. जर्मनीत सेनेफेल्डरने ही युक्ती 1796 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बसवली आणि 1820 च्या दशकात मुंबईत शाळेची मराठी पुस्तकं अशी छापली जात होती. थोडक्यात, शिळाछाप हा चांगलं अक्षर असणाऱ्याचा धंदा. लेखनिक जसं लिहील तसं पुस्तक. आमच्या आण्णांना त्या काळी मुंबईत नोकरी नक्की लागली असती.

पण गणपतरावांकडे ना दगड ना शाई ना प्रेस. मिशनमधलं यंत्र डोळ्यांनी बघून त्यांनी घरी तसं यंत्र उभं केलं. दगडाचा लहानसा तुकडा मिळवला. शाई करून पाहिली, बिघडली, पुन्हा केली. छोट्या चिठोऱ्यांवर छापून पाहायचे. आपल्या भाषेत ट्रायल रन! हळूहळू मोठा दगड आला, पुढे लोखंडी प्रेस आला. ना मॅन्युअल, ना शिकवणारा. आपण लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर शेजारच्या बॅचची फाईल मागतो, असो.

आणि शके 1753 मध्ये, म्हणजे 1831 साली, त्यांनी पंचांग छापलं. पंचांग का, याचा मी बराच विचार केला. माझं मत असं की पंचांग ही दरवर्षी नव्याने लागणारी वस्तू. तोपर्यंत जोशी लोक ते हाताने उतरवून काढत. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणारं. धंद्याचं हे गणित त्यांना कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

अडचण वेगळीच होती. छापलेल्या कागदाला सोवळ्यातली माणसं हात लावेनात. शाईत चरबी असते, यंत्राला चामडं लागतं, मग असला कागद देवापुढे कसा ठेवायचा? गणपतरावांनी वाद घातल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं असं सांगतात. लोकांची शंका खरी धरून त्यांनी माल बदलला. पंचांग खपलं, मागोमाग पोथ्या आणि ग्रंथही खपले. गणपत कृष्णाजींचा छापखाना मुंबईत नावाजला.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग शिळाछाप चालत असताना हा माणूस खिळे पाडण्याच्या भानगडीत का पडला? माझ्यासाठी खरा प्रश्न हाच होता, कारण आण्णांचाही तोच होता.

शिळाछापात प्रत्येक पान नव्याने लिहावं लागतं. एक चूक झाली की दगडावर खरडत बसा. काम झालं की दगड घोटून कोरा करायचा, म्हणजे केलेली मेहनत पुसली गेली. खिळ्यांचं तसं नाही. ते जुळवा, छापा, सोडवा, पुन्हा जुळवा. पण तो खिळा तयार करायचा तर आधी पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर कोरावं लागतं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं आणि गव्हाच्या दाण्याएवढं. कानशीने आणि कोरणीने हे काम चालतं. कोरून झालं की पोलाद तापवून पाण्यात विझवायचं, कडक करायचं (मटेरियल सायन्सच्या पेपरातलं क्वेंचिंग ते हेच). तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खड्डा पडतो. ही झाली मातृका. ती साच्यात बसवून वितळलेलं शिसं ओतायचं, त्यात कडकपणासाठी अँटिमनी आणि कथील. थंड झाला की एक खिळा. इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं घातली की भागतं. आपल्या बालबोधीला जोडाक्षरं, काना-मात्रा, उकार, रफार धरून शेकड्यांनी ठसे लागतात. एक क बिघडला तर सगळ्या ग्रंथात तो क वाकडाच दिसणार.

असं कोरकाम आपल्याकडे अगदीच नवं होतं असंही नाही. नाना फडणविसांनी पुण्याच्या एका तांबटाकडून गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरवायला घेतली होती. नाना 1800 मध्ये वारले, काम मिरजेला गेलं आणि 1805 मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापून निघाली. पण तो अख्खा पत्रा कोरलेला होता, त्यातलं अक्षर दुसऱ्या पुस्तकाला उपयोगाचं नव्हतं. आमच्या देणगीदारांच्या पाटीसारखंच!

गणपतरावांनी 1840 च्या दशकात ठसे आणि मातृका तयार करून, खिळे ओतून आपला टाइपाचा छापखाना उभा केला. लहान-मोठ्या आकारांची अक्षरं पाडली. म्हणजे चांगला चालणारा धंदा हातात असताना त्यांनी पुन्हा पहिलीपासून शिकायला घेतलं. 1860 मध्ये ते वारले. मुलगा कान्होबा याने छापखाना सांभाळला, पण तोही लवकरच गेला. तरी छापखान्याचं नाव पुढे कित्येक वर्षं पुस्तकांवर येत राहिलं. 1863 मध्ये गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं, त्यात त्यांनी आवर्जून गणपतरावांची हकिगत घातली. आपल्याला जे कळतं ते बरंचसं तिथूनच.

ज्या मिशनच्या छापखान्यावरून त्यांनी हे सगळं उचललं, तिथेच पुढे जावजी दादाजी नावाचा गरीब मुलगा खिळे घासायच्या कामाला लागला. त्याने 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्याच्यावर स्वतंत्र लेख होईल. सध्या पानं कमी आहेत असं संपादकांनी बजावलंय.

आता आमचं मशीन. कोटेशन होतं CO2 लेसरचं आणि विकणारा म्हणत होता की सगळ्यावर कोरतं. मी माहिती काढली, आमच्या वर्कशॉपच्या सरांना विचारलं. ॲक्रिलिक आणि लाकूड उत्तम. काळ्या ग्रॅनाईटवर पांढुरकी खूण उमटते, तीही चालेल. पण पितळेवर नीट जमत नाही, त्याला फायबर लेसर लागतो. आणि संगमरवरात छिन्नीसारखी खोल खाच हवी असेल तर हिऱ्याच्या बिटचा, पाणी सोडत चालणारा सीएनसी राउटर पाहिजे. आण्णांचं काम तर संगमरवराचंच! त्या मशीनवर सव्वादोन लाख घातले असते तर दोन वर्षं ट्रॉफ्यांवर नावं टाकत बसलो असतो.

दिवाळीत घरी गेल्यावर हे सांगितलं तर आण्णा गप्प बसले. रात्री जेवताना म्हणाले की पैशाचं नंतर पाहू, पण मशीनमध्ये अक्षर कुणाचं असणार? कॉम्प्युटरचं. म्हणजे फ्लेक्सवाल्याचं जे अक्षर तेच आपलं, मग गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल? मला उत्तर देता आलं नाही. सहा सेमिस्टरमध्ये इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

गणपतरावांची गोष्ट मी त्या रात्री त्यांना सांगितली. ठसा कोरणाऱ्यापुढेही आधी कुणाचं तरी चांगलं अक्षर लागतं, मग ते पोलादात उतरतं. मशीनलाही तसंच. आण्णांचं अक्षर स्कॅन करायचं, त्याच्या कडा सॉफ्टवेअरमध्ये रेषांत बदलायच्या, जोडाक्षरं वेगळी बसवायची, की मशीन त्यांच्याच वळणाने कोरेल. आण्णांनी तुपाच्या शाईची गोष्ट दोनदा सांगायला लावली. बाकीच्यावर काही बोलले नाहीत.

मशीन अजून घेतलेलं नाही. पुण्यात एक जण राउटरवर तासाच्या हिशोबाने काम करून देतो, आधी तिथे एक पाटी करून बघायची ठरलंय. आण्णांनी मात्र ड्रॉइंग शीटवर कट निबने मुळाक्षरं लिहायला घेतलीत, एका शीटवर चारच. परवा रात्री हॉस्टेलवर फोन आला की ‘ङ’ लिहायचा का, उगाच शीट कशाला वाया घालवायची, तीस वर्षांत एकाही पाटीवर तो लागला नाही. मी म्हटलं लिहा आण्णा, आमच्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळाला नवी पाटी करायची आहे.