सचिन, मिल्खा, ध्यानचंद... पण सगळ्यात मोठा खेळाडू खाशाबा जाधवच, कारण...

भारताचा सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, यावर कट्ट्यावर वाद झाला की सचिन, ध्यानचंद, मिल्खा सिंग अशी नावं येतात. आता त्यात नीरज चोप्राही आला. पण या यादीत कराडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान हक्कानं बसतो. त्याचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. काष्टी-श्रीगोंद्याकडं ज्याला कुस्त्यांचा हंगामा म्हणतात, त्याच तांबड्या मातीतला हा खेळ. पण ऑलिम्पिकमधली कुस्ती मॅटवर होते आणि तिचे नियमही वेगळे असतात.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं खाशाबा गेले. मॅटची सवय नसतानाही फ्लायवेट गटात सहावे आले.

१९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं, पण पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर ७ हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं.

तिथं ५७ किलो फ्रीस्टाइलमध्ये खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. ते हरले फक्त दोघांकडून. जपानचा शोहाची इशी, ज्यानं सुवर्ण नेलं, आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह, ज्यानं रौप्य नेलं. इशीसोबतच्या लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता पुन्हा उतरवलं आणि बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगितलं जातं.

तरीही कांस्य आलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र पुन्हा कुस्त्या मारल्या आणि बक्षिसाच्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

आता कुणी म्हणेल, एका कांस्यपदकावर सर्वश्रेष्ठ कसं?

तर हिशोब असा आहे. दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, ते लिएंडर पेसनं आणलं. म्हणजे ४४ वर्षं. महाराष्ट्राला तर स्वप्नील कुसाळेपर्यंत, २०२४ पर्यंत, ७२ वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात स्टेडियम आले, कोच आले, स्पॉन्सर आले. खाशाबांकडे यातलं जवळपास काहीच नव्हतं. खेळाडूची उंची मोजताना त्यानं सुरुवात कुठून केली, हेही मोजावं लागतं.

१९५५ ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले आणि सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला मोटारसायकल अपघातात ते गेले. जिवंतपणी ना अर्जुन मिळाला, ना पद्म. अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर १५ वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर.

आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद रंगला, तर गोळेश्वरचं नाव आधी घ्या.