पत्रा देशी, साचा देशी : वालचंदांचा मोटारीचा ध्यास

कल्याण-शिळ रस्त्याने डोंबिवलीच्या हद्दीतून जाताना ‘प्रीमियर’ हे नाव आजही कानावर पडते. तेथील मैदान त्याच नावाने ओळखले जाते. ज्या मोटार कारखान्यामुळे ते नाव पडले, तो मात्र राहिलेला नाही. त्याच्या जमिनीवर निवासी संकुले उभी राहिली. सभा-समारंभांसाठी या मैदानावर जमणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की या नावाचा माग सोलापूरच्या एका व्यापारी घराण्यापर्यंत जातो. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’चे संस्थापक वालचंद हिराचंद दोशी हे त्या घराण्याचे सुपुत्र.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेऊनही पदवी हाती आली नाही. घरच्या पेढीवरील व्यवहारात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीला आरंभ केला. पुढे भोर घाटातील रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या नावावर जमा झाली. १९२६ मध्ये त्यांनी आजच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा पाया घातला.

वाहतुकीची साधने परक्यांच्या हाती असलेल्या देशाचा व्यापारही परक्यांच्याच हाती राहणार, हे वालचंदांनी ओळखले होते. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ‘लॉयल्टी’ ही त्यांची बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना, अशी त्यांची धाव होती. विमान कारखाना युद्धकाळातच, १९४२ मध्ये, सरकारने ताब्यात घेतला. जहाज कारखानाही १९५२ मध्ये सरकारकडे गेला.

मोटारीचा मार्ग सर्वांत खडतर ठरला. सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात देशी मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंदांनी ती आपली मानली. १९३९ मध्ये ते अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. परंतु दिल्लीच्या सरकारला युद्धाच्या धामधुमीत हा उद्योग नको होता. मोटार उभारण्यासाठी परदेशी यंत्रे लागतात, यंत्रांसाठी डॉलर लागतात आणि डॉलरवर सरकारचा हात होता. अनेक वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. डॉज, प्लायमाउथ, डी सोटो ही त्यांची नावे.

ही वाहने सुरुवातीला परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी होती. तसे काम मुंबईत जनरल मोटर्स १९२८ पासून करीतच होती. वालचंदांची आकांक्षा निराळी होती. मोटारीचा प्रत्येक भाग येथे घडावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांतही सांगाड्यावरचा पत्रा ही मोठी अडचण. मडगार्ड, बॉनेट, छप्पर यांचा बाक प्रचंड दाबयंत्रांखाली, पोलादी साच्यांत घडवावा लागतो. एकेका साच्याची किंमत इतकी मोठी असते, की हजारो गाड्या खपल्याखेरीज ती वसूल होत नाही. ज्याच्याकडे साचे, त्याचीच मोटार, असा या धंद्याचा रोकडा हिशेब आहे.

तो हिशेब पुरा होण्यास वालचंदांचे आयुष्य पुरले नाही. १९४९ च्या सुमारास पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जकात आयोगाने निर्वाळा दिला, की टप्प्याटप्प्याने देशी निर्मितीचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल, त्यांनीच या देशात मोटारी कराव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. जे मागण्यासाठी वालचंदांनी सरकारदरबारी उंबरे झिजवले, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच धोरण म्हणून मान्य व्हावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

पुढे फियाट ११०० कुर्ल्यात घडू लागली. वर्षे सरत गेली तसे परदेशी भाग घटत गेले आणि १९७० च्या दशकात फियाट हे नाव गळून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव आले. या मोटारीच्या जातकुळीचा एक धागा इटलीतील स्पोर्ट्स मोटारींशी जुळतो. महायुद्धानंतरची सिसिटालिया २०२ ही देखणी मोटार फियाट ११०० च्याच यांत्रिक भागांवर बेतलेली होती. पिनिन फारिना यांच्या कार्यशाळेतील कारागिरांनी तिचे ॲल्युमिनियमचे अंग हाताने ठोकून घडवले होते. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती शिल्पासारखी मांडली. थोड्या गाड्या करायच्या असतील तर हातोडी पुरते, लाखाने करायच्या असतील तर साचे हवेत, हा भेद या दोन मोटारींत स्पष्ट दिसतो.

जुन्या मोटारीला मूळ रूप देताना हाच भेद पुन्हा समोर येतो. वालचंदांच्या काळातील डॉज वा प्लायमाउथचे अंग वेगळ्या चॅसिसवर बसवलेले असते. बोल्ट काढून ते उचलता येते आणि गंजलेला भाग निवांत दुरुस्त करता येतो. फियाट ११०० ला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा कणा. दरवाजाखालची पट्टी आणि तळाचा पत्रा गंजला, की गाडीची ताकदच जाते. खाडीकाठच्या दमट हवेत हा रोग ठाणे-डोंबिवली पट्ट्यात लवकर बळावतो. अशा वेळी जाणता कारागीर प्रथम दरवाजांच्या चौकटींना आतून आधाराचे दांडे जोडतो, मगच कुजलेला पत्रा कापतो; नाहीतर अंग वाकते आणि दरवाजे कधीच नीट बसत नाहीत. नवा तुकडा हातोडी आणि डॉलीने बाकावर आणून वेल्डिंगने जोडायचा, गंजरोधक अस्तर द्यायचे आणि रंग सर्वांत शेवटी. पुट्टीचे जाड थर देऊन गंज झाकणे ही फसवणूक. दोन पावसाळ्यांत ती उघडी पडते.

पद्मिनीच्या बाबतीत हे काम शक्य होते, कारण दशकानुदशके तिचा प्रत्येक भाग येथे घडला आणि गल्लोगल्लीच्या डेंटरच्या हाताला तिचे वळण ठाऊक झाले. याउलट उदाहरण डोंबिवलीनेच पाहिले. १९९० च्या दशकात याच परिसरातील कारखान्यात प्यूजो ३०९ ची जोडणी झाली. तिचे सुटे भाग परदेशातून येत. भागीदारी अल्पावधीत मोडली आणि ती मोटार रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झाली. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले, तरी मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.

वालचंदांनी उभारलेले जहाजांचे आणि विमानांचे कारखाने सरकारी झाले. ते आजही चालतात. मोटारीचा कारखाना घराण्याकडे राहिला, पण बदलत्या बाजारात टिकला नाही. उद्योगपतीचे यश ताळेबंदावर मोजण्याची रीत आहे. त्या मापाने पाहिले तर प्रीमियरची कहाणी अपयशाची ठरेल. पण जुनी फियाट उघडून बसलेल्या कारागिराला तिचा पत्रा कोठे कापावा आणि कसा जोडावा, हे कोणत्याही परदेशी पुस्तकात पाहावे लागत नाही. जोडणीपेक्षा घडणीचा आग्रह वालचंदांनी ज्या कारणासाठी धरला होता, ते कारण हेच.