पाय मोडल्यानंतरचे नऊ महिने



दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. त्या दिवशी वेदीवरून सहसा एकच गोष्ट ऐकायला मिळते. एक शूर शिपाई होता, त्याच्या पायाला तोफगोळा लागला आणि तो संत झाला. ही गोष्ट खोटी नाही, पण फार घाईने सांगितलेली आहे. तोफगोळ्याने पाय मोडला, एवढेच. पुढचे सारे घडले ते खाटेवर पडून काढलेल्या नऊ महिन्यांत. आज आम्ही त्या नऊ महिन्यांविषयीच बोलणार आहोत.

तेव्हा त्यांचे नाव इनिगो होते. उत्तर स्पेनच्या बास्क प्रांतातील लोयोला हे त्यांचे घराणे. १४९१ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा तेरा भावंडांत सर्वांत धाकटा. वय वर्षे तीस होईपर्यंत त्याचा जीव तलवार, उंची कपडे, दरबारातील मानमरातब आणि स्त्रियांची मर्जी यांतच गुंतलेला होता. २० मे १५२१ रोजी पँपलोना येथील किल्ल्यावर फ्रेंच सैन्याने हल्ला चढवला. किल्ला टिकणार नाही हे बाकीच्यांनी ओळखले होते. लढायचेच, असा हट्ट इनिगोने धरला. तोफगोळा दोन्ही पायांमधून गेला. उजव्या पायाचे हाड चिरडले, डावाही जखमी झाला. तो पडला आणि किल्लाही पडला. फ्रेंचांनी मात्र माणुसकी दाखवली. त्याच्यावर उपचार केले आणि काही दिवसांनी त्याला डोलीत घालून घरी पाठवले.

घरी आल्यावर वैद्यांनी पाहिले, तर हाड वाकडे बसलेले. ते पुन्हा मोडून बसवावे लागले. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. इनिगोने फक्त मुठी आवळल्या. प्रकृती मात्र ढासळत गेली. त्याला शेवटचे साक्रामेंत देण्यात आले. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी वैद्यांनी सांगितले की, मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही, तर आशा सोडावी. त्याच रात्री उतार पडला.

आता या माणसाने देवाचे आभार मानून शहाणे व्हावे, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आला होता आणि पाय आखूड झाला होता. गुडघ्यापर्यंतचे घट्ट बूट घातले, तर तो उंचवटा दिसणार! एवढ्यासाठी त्याने ते हाड कापून काढायला लावले. आधीच्या सर्व वेदनांपेक्षा ही वेदना जास्त असेल, असे वैद्यांनी बजावले होते. थोरला भाऊही हबकला. तरी इनिगोने ते सोसले. नंतर पाय लांब व्हावा म्हणून यंत्राने ताणण्याचे हालही कितीतरी दिवस सहन केले. दुखण्याने माणूस आपोआप देवाकडे वळतो, असे आपण सहज बोलून जातो. इनिगोच्या दुखण्याने पहिल्यांदा तरी त्याचा अहंकारच वाढवला होता.

मग सुरू झाले नुसते पडून राहणे. बाकी प्रकृती ठणठणीत, पण पायावर उभे राहता येईना. आमच्या धर्मग्रामात आज जी माणसे मोडलेल्या खुब्याने वा अपघातातील दुखापतीने महिनोन्महिने अंथरुणावर आहेत, त्यांना हे सांगायला नको. पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन त्यांच्याकडे जातो, तेव्हा पायाच्या दुखण्यापेक्षा त्यांना लांबलचक दुपार जास्त छळते, असे दिसते. इनिगोने वेळ घालवण्यासाठी शिलेदारांच्या प्रेमाच्या आणि पराक्रमाच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात तसली एकही नव्हती. म्हणून लुडॉल्फ नावाच्या मठवासीयाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. घराचा कारभार पाहणारी त्याची वहिनी मग्दालेना हिची ही पुस्तके असावीत, असे मानले जाते.

दुसरे काहीच नाही म्हणून त्याने ती वाचली. वाचता वाचता मन भरकटे. कधी तो एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा कशी करू, तिच्याशी काय बोलू, यात तीन-चार तास हरवून जाई. कधी फ्रान्सिसने केले, डॉमिनिकने केले, मग मी का करू नये, असे वाटे. दोन्ही विचार गोड वाटत. पण एके दिवशी एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पहिले विचार संपले की मन कोरडे पडते. दुसरे संपल्यावरही आनंद उरतो. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा मनाच्या व्यापारांवरचे जाडजूड ग्रंथ वाचले होते. इथे एक शिपाई खाटेवर पडून केवळ स्वतःकडे नीट पाहत होता. पुढे १५४८ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकातील विवेकाचे बीज येथेच पडले.

या दिवसांतील दोन गोष्टींकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आम्हाला त्याच अधिक मोलाच्या वाटतात. इनिगोचे अक्षर फार सुंदर होते. त्याने घोटून गुळगुळीत केलेला, रेघा आखलेला कागद घेतला आणि पुस्तकांतील निवडक भाग उतरवून काढायला सुरुवात केली. प्रभू येशूचे शब्द तांबड्या शाईने, पवित्र मरियेचे निळ्या शाईने. अशी जवळजवळ तीनशे पाने भरली. ज्या हाताला तलवारीखेरीज काही ठाऊक नव्हते, असे आपण समजतो, तो हात शाईचा रंग बदलत सावकाश अक्षरे काढत होता. दुसरी गोष्ट रात्रीची. तो आकाशाकडे आणि ताऱ्यांकडे पुष्कळ वेळ पाहत राही. त्या दिवसांत सर्वांत मोठा दिलासा त्यातूनच मिळाला, असे म्हातारपणी त्यांनी आपली जीवनकथा सांगताना नमूद केले आहे. ते पाहून देवाची सेवा करण्याचे बळ येई.

१५२२ च्या आरंभी त्याने घर सोडले. मार्चमध्ये मोंसेरात येथील मरियेच्या वेदीपाशी त्याने तलवार ठेवली आणि उंची कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले. सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. मान्रेसा गावी आपल्या पापांची क्षमा झालीच नाही, या विचाराने त्याला इतके पछाडले की, खोलीतील भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा, असा मोह वारंवार होऊ लागला. हे संतांच्या जीवनात घडले आहे. आपल्या घरी कुणाला असे विचार येत असतील, तर त्याला पापी वा कमजोर समजू नये, त्याच्यापाशी बसावे आणि डॉक्टरांकडेही न्यावे. त्याच गावी कार्दोनेर नदीच्या काठी वाहत्या पाण्याकडे तोंड करून बसले असता त्यांना असे काही उमगले की, सगळे जग नवे वाटू लागले.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पॅरिसमध्ये मित्र जमले, १५४० साली येशू संघाला मान्यता मिळाली, आणि त्यांतील फ्रान्सिस झेविअर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. इग्नेशियस स्वतः रोममध्येच राहिले आणि १५५६ साली तेथेच वारले. त्यांचा पाय शेवटपर्यंत सरळ झाला नाही, ते थोडे लंगडतच चालत. पोटाच्या दुखण्यानेही त्यांना पछाडले होते. सोबत्यांनी लिहून ठेवले आहे की, रात्री ते गच्चीवर जात, डोक्यावरची टोपी काढत आणि बराच वेळ आकाशाकडे पाहत उभे राहत. मग गुडघे टेकत. नंतर एका लहानशा बाकावर बसून राहत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे, पण हुंदक्याचा आवाजही येत नसे.