डू बॉईस यांना ग्रीक घ्यायला कोणी सांगितले?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत पेढे वाटले जातात. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, टक्केवारी लिहिलेले बॅनर लागतात. अकरावीला मुलीने गणित ठेवले की सोडले, आणि सोडले तर कोणाच्या सांगण्यावरून, हे मात्र सत्काराच्या वेळी कोणी विचारत नाही. दोन वर्षांनी बारावी झाल्यावर कळते की इंजिनिअरिंगच्या बहुतेक वाटा तेव्हाच बंद झाल्या होत्या. आई-बापाला ते आधी कोणी सांगितलेले नसते.

आज आम्ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांचे जीवन वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यांची पुस्तके, त्यांच्या चळवळी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यांच्या हायस्कूलबद्दल जास्त बोलायचे आहे, कारण पुढचे सगळे तिथे ठरले.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. वडील आल्फ्रेड हे मूल अगदी लहान असतानाच घर सोडून गेले. आई मेरी सिल्व्हिना लोकांच्या घरी कामे करून मुलाला वाढवत होती. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला आणि एक हात व एक पाय अधू झाला. तरी तिने मुलाची शाळा सोडवली नाही. विल्यम लाकडे फोडायचा, लोकांचे गवत कापायचा, वर्तमानपत्रे विकायचा, पहाटे एका दुकानातली शेगडी पेटवून मग शाळेत जायचा. गावात कृष्णवर्णीय घरे थोडी होती, त्यामुळे शाळेत तो बहुधा एकटाच.

हायस्कूलात गेल्यावर विषय निवडायची वेळ आली. त्या काळी अमेरिकेत हायस्कूल पास होणे आणि कॉलेजला पात्र होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. इंग्रजी, हिशेब, इतिहास अशा विषयांवर शाळेचा दाखला मिळायचा आणि गावातल्या दुकानात, गिरणीत नोकरी लागायची. पण हार्वर्डसारख्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत लॅटिन, ग्रीक, बीजगणित आणि भूमिती विचारली जात असे. ज्याने हे विषय घेतलेच नाहीत, त्याचा दाखला कितीही चांगला असला तरी तो त्या दारात उभा राहू शकत नव्हता. भाषा तर एका वर्षात शिकून होत नाहीत, म्हणून निर्णय वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच व्हायचा. श्रीमंत घरात हे माहीत असे, कारण बाप, काका, मामा कोणीतरी त्या वाटेने गेलेला असे. घरकाम करणाऱ्या आईला हे कळण्याचे काहीच कारण नव्हते.

शाळेचे मुख्याध्यापक होते फ्रँक हॉस्मर, वयाने तरुण. त्यांनी या मुलाला बोलावून सांगितले की तू कॉलेजच्या तयारीचा अभ्यासक्रम घे: बीजगणित, भूमिती, लॅटिन, ग्रीक. एवढेच. कोणती चळवळ नाही, भाषण नाही. पुढे म्हातारपणी डू बॉईस यांनी या प्रसंगाचा पुन्हा पुन्हा विचार केला. मुख्याध्यापक दुसऱ्या स्वभावाचा असता तर त्याने तितक्याच सहजपणे सुतारकाम किंवा शेती घ्यायला सांगितले असते, आणि आपणही ते मुकाट्याने घेतले असते, असे त्यांना वाटत असे. हॉस्मर आपल्यासाठी कॉलेजचे दार उघडत आहेत हे त्या वेळी मुलाच्या लक्षातही आले नव्हते.

विषय घेतले, पण पुस्तकांचे काय? ग्रीकची पुस्तके महाग होती आणि आईला परवडण्यासारखी नव्हती. गावातल्या एका गिरणीमालकाच्या पत्नीने ती विकत घेऊन दिली. म्हणजे एका गरीब मुलाला कॉलेजच्या वाटेवर ठेवायला तीन माणसे लागली. एकाने वाट सांगितली, एकीने पुस्तके दिली आणि आईने कमाईवर पाठवायच्या वयात त्याला शाळेत ठेवले. यातले एकही नसते तर पुढचे चरित्र लिहायला उरले नसते, असे आम्हाला वाटते.

इथे आपल्या बाबासाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. केळुस्कर गुरुजींनी बुद्धचरित्र हाती दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. ग्रेट बॅरिंग्टनच्या शाळेत एका मुलाला जुनी भाषा घे म्हणून सांगितले गेले आणि मुंबईच्या शाळेत दुसऱ्याला जुनी भाषा घेऊ नको म्हणून सांगितले गेले. मधे पंचवीस वर्षेही नव्हती.

१८८४ साली विल्यम हायस्कूल उत्तीर्ण झाला. त्या वर्गातला तो एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थी. पदवीदानाच्या कार्यक्रमात त्याने गुलामगिरीविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांच्यावर भाषण केले. त्यानंतर वर्षाच्या आतच आई वारली.

त्याचे मन हार्वर्डवर होते. पण त्याची शाळा हार्वर्डच्या अपेक्षेला थोडी कमी पडत होती, वय कमी होते आणि पैसा तर नव्हताच. एक वर्ष त्याने गावात बांधल्या जाणाऱ्या एका मोठ्या वाड्याच्या कामावर मजुरांची हजेरी लिहिली. हॉस्मर आणि गावातल्या काही पाद्र्यांनी मिळून चार चर्चकडून वर्षाला प्रत्येकी २५ डॉलर जमवले आणि त्याला टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात पाठवले. ते कृष्णवर्णीयांसाठीचे कॉलेज होते. नातेवाइकांना हे फारसे रुचले नाही. उत्तरेत जन्मलेल्या पोराला गुलामगिरीच्या दक्षिणेत का पाठवता, असे त्यांचे म्हणणे. पण तिथे गेल्यावर हायस्कूलच्या लॅटिन-ग्रीकचा पहिला फायदा दिसला. फिस्कने त्याला एकदम दुसऱ्या वर्षात घेतले.

फिस्कमध्ये असताना दोन उन्हाळे तो टेनेसीच्या खेड्यांत शिक्षक म्हणून राहिला. ही हकिगत त्यांच्या १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या पुस्तकात आली आहे. शाळा म्हणजे लाकडी ओंडक्यांची खोपटी, पूर्वी तिथे मका साठवत. दाराच्या जागी नुसती मोकळी जागा. मास्तरांची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, ती रोज संध्याकाळी परत न्यावी लागे. मुले तीसेक. मधेच एखाद्या घरातली मुले यायची बंद होत. मग तरुण मास्तर टेकडी चढून त्या झोपडीत जाई. बुकं शिकून काय होणार, ही म्हाताऱ्यांची शंका पुन्हा डोके वर काढून बसलेली असे. तो त्यांना रोमन वक्ता सिसेरोचे विद्येच्या बाजूचे भाषण साध्या भाषेत, गावातलीच उदाहरणे देऊन समजावून सांगे. म्हातारे पटले म्हणत आणि मुले शाळेत येत. आठवडाभर तरी येत. पुन्हा टेकडी चढावी लागे. आपल्याकडे ज्यांनी शाळाबाह्य मुलांच्या घरी चकरा मारल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच गावात जोझी नावाची वीसेक वर्षांची मुलगी होती. घरातली सगळी कामे करून ती शिकत होती आणि नॅशव्हिलच्या मोठ्या शाळेत जायचे स्वप्न पाहत होती. दहा वर्षांनी डू बॉईस त्या गावी परत गेले तेव्हा ती मरण पावली होती. घरच्यांसाठी राबता राबता तिची शाळा राहून गेली होती. शाळेची जुनी खोपटी पाडून तिथे फळ्यांची नवी इमारत झाली होती.

१८८८ साली फिस्कची पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले. हार्वर्डने ती पदवी पूर्ण मानली नाही आणि त्यांना पुन्हा पदवीच्याच तिसऱ्या वर्षात बसवले. त्यांनी तक्रार न करता १८९० मध्ये दुसरी बी.ए. आणि १८९१ मध्ये एम.ए. केले. त्या सुमारास स्लेटर फंडाचे प्रमुख, माजी राष्ट्राध्यक्ष हेस यांनी असे जाहीर केले होते की युरोपात पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिळाला तर पैसे देऊ, पण तसा कोणी दिसत नाही. डू बॉईस यांनी पत्रांमागून पत्रे लिहून त्यांना भंडावले. अखेर १८९२ मध्ये ७५० डॉलर मंजूर झाले, निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज. ते बर्लिनला गेले. तिथल्या नियमाप्रमाणे पदवीसाठी लागणारी सत्रे पूर्ण होण्याआधी मुदत संपली आणि फंडाने ती वाढवली नाही. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडन अर्धवट सोडून यावे लागले होते, त्याची ही आधीची आवृत्ती. १८९५ मध्ये डू बॉईस हार्वर्डचे पीएच.डी. झाले. तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

पुढे अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांचा बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी वाद झाला. वॉशिंग्टन म्हणत, आपल्या मुलांना आधी हाताचे काम शिकवा, बाकीचे पुढे पाहू. गोऱ्या देणगीदारांना हे आवडत होते. डू बॉईस यांचा सुतारकामाला विरोध नव्हता. सुतारकामाच्या शाळेला मास्तर कुठून आणणार, हा त्यांचा प्रश्न होता. शिक्षक घडवायचे तर कॉलेज हवे आणि कॉलेज हवे तर त्याच्या तयारीचे हायस्कूल हवे.

हा वाद हवेतला नव्हता. त्याच जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात १८९७ मध्ये शिक्षण मंडळाने कृष्णवर्णीय मुलांचे वेअर हायस्कूल बंद केले आणि ती जागा व पैसा त्यांच्याच प्राथमिक शाळांना दिला. गोऱ्या मुलींचे हायस्कूल चालूच राहिले. पालक कोर्टात गेले. १८९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ऑगस्टाच्या कृष्णवर्णीय मुलाने सातवी-आठवी उत्तम गुणांनी पार केली तरी सरकारी शाळेत त्याच्यापुढे वर्गच नव्हता. खुद्द अटलांटा शहरात कृष्णवर्णीयांचे पहिले सरकारी हायस्कूल निघायला १९२४ साल उजाडले. डू बॉईस ज्या संघटनेच्या संस्थापकांपैकी होते, त्या एनएएसीपीच्या स्थानिक शाखेने त्यासाठी मतदारांना संघटित केले होते. गंमत अशी की त्या शाळेला नाव बुकर टी. वॉशिंग्टन यांचे मिळाले.

आज अमेरिकेत तसे कायदे नाहीत, पण दोन याद्यांचा घोळ अजून आहे. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात गेलेल्या आपल्या कुटुंबांनी हे नीट पाहावे. तिथे हायस्कूलच्या दाखल्यासाठी राज्याची किमान अट गणिताची दोन वर्षे आणि इंग्रजीची तीन वर्षे आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला मात्र गणिताची तीन, इंग्रजीची चार आणि आणखी एका भाषेची दोन वर्षे लागतात. मुलगा पास होतो आणि तरीही विद्यापीठाला अपात्र ठरतो. वरच्या पातळीचे एपी विषय वेगळेच, त्यांची परीक्षा १ ते ५ गुणांत होते. शाळेतल्या समुपदेशकाला नववीतच भेटून या दोन्ही याद्या शेजारी ठेवून मागाव्यात. तिथेच जन्मलेल्या घरांनाही हे विचारल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे विचारण्यात कमीपणा नाही.

१९१० पासून १९३४ पर्यंत डू बॉईस यांनी न्यूयॉर्कहून ‘द क्रायसिस’ हे मासिक चालवले. त्यातली काही वर्षे बाबासाहेबही त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दोघांचा पत्रव्यवहार मात्र १९४६ च्या जुलैमधला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी मागितली, आणि डू बॉईस यांनी आपल्याला त्यांचे नाव ठाऊक असल्याचे कळवून प्रत पाठवण्याची तयारी दाखवली.

शेवटची वर्षे त्यांनी घाना देशात काढली. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन शहरात नागरी हक्कांसाठी अडीच लाखांच्या आसपास लोक जमले होते. व्यासपीठावरून रॉय विल्किन्स यांनी ही बातमी दिली. त्या दिवशी ज्यांचे भाषण जगभर ऐकले गेले, ते मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर अटलांटाच्या त्याच १९२४ च्या हायस्कूलचे विद्यार्थी होते, आणि तिथूनच पंधराव्या वर्षी कॉलेजात गेले होते.