विश्लेषण : सॅक्सोफोनच्या जनकाला नकली वाद्यांनी कसे जेरीस आणले?

मनोहारी सिंग यांच्या फुंकरीमुळे सॅक्सोफोन हिंदी चित्रपटसंगीतात घराघरांत पोहोचला, तर कद्री गोपालनाथ यांनी तो थेट कर्नाटक संगीताच्या बैठकीत नेला. या वाद्याला ज्यांचे नाव मिळाले, ते अ‍ॅडॉल्फ सॅक्स मात्र आयुष्यात तीनदा दिवाळखोर झाले. त्यांचे वाद्य खपत नव्हते असे नाही. ते खपत होते, म्हणूनच त्याच्या नकला झाल्या आणि त्या नकलांविरुद्ध सॅक्स यांची निम्मी हयात न्यायालयात गेली. पेटंट म्हणजे काय आणि ते हाती असूनही माणूस कसा बुडू शकतो, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अ‍ॅडॉल्फ सॅक्स कोण होते?

आजच्या बेल्जियममधील दिनां या गावी ६ नोव्हेंबर १८१४ रोजी त्यांचा जन्म झाला. म्यूझ नदीकाठचे हे गाव मध्ययुगापासून तांब्यापितळेच्या कामासाठी नावाजलेले. वडील शार्ल-जोसेफ वाद्ये बनवत. पुढे त्यांनी ब्रुसेल्समध्ये कारखाना काढला. लहानगा अ‍ॅडॉल्फ जगेल, याची घरच्यांना खात्री नव्हती. तो जिन्यावरून कोसळला, टाचणी गिळून बसला, दूध समजून आम्लमिश्रित पाणी प्यायला, दारूच्या स्फोटात भाजला आणि नदीत बुडता बुडता वाचला. गावकरी त्याला भूत म्हणत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या कथांवर थोडा रंग चढला असेलही, पण पुढच्या आयुष्याकडे पाहता त्या खोट्या वाटत नाहीत.

वडिलांच्या कारखान्यात तो घडला. बासरी आणि क्लॅरिनेट वाजवायलाही शिकला. १८३८ मध्ये त्याने सुधारित बास क्लॅरिनेटचे पेटंट घेतले. १८४१ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात सुवर्णपदकासाठी त्याचे वय कमी आहे, असे ठरवून त्याला दुय्यम पदक देऊ करण्यात आले. त्याने ते नाकारले आणि पुढच्याच वर्षी खिशात जेमतेम पैसे घेऊन पॅरिस गाठले.

सॅक्सोफोनमध्ये नवे काय होते?

लष्करी बँडची त्या काळी एक अडचण होती. मोकळ्या मैदानात क्लॅरिनेट, ओबो यांसारखी लाकडी वाद्ये क्षीण पडत आणि पितळी वाद्ये कर्कश वाटत. दोहोंना सांधणारा आवाज हवा होता. सॅक्स यांनी क्लॅरिनेटसारखी बोरूची एकच पत्ती घेतली आणि ती पितळेच्या, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या शंकूसारख्या नळीला जोडली.

या शंकूतच सारी गंमत आहे. क्लॅरिनेटची नळी बहुतांश सारख्याच व्यासाची असते. त्यामुळे वरच्या सुरांत जाताना ती षड्जावरून थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडी घेते आणि वादकाला बोटांची मांडणी बदलावी लागते. शंकूच्या आकाराची नळी मात्र षड्जावरून तार षड्जावर जाते, म्हणून बोटे दोन्ही सप्तकांत जवळपास तशीच राहतात. वाद्याचा आवाज धातूवर किंवा लाकडावर कमी आणि आतल्या हवेच्या स्तंभाच्या प्रमाणांवर अधिक अवलंबून असतो, हे सॅक्स यांनी पक्के ओळखले होते. संगीतकार हेक्टर बर्लियोझ यांनी जून १८४२ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून या वाद्याचे कौतुक केले, तेव्हा त्याचे पेटंटही झालेले नव्हते.

पॅरिसचे वाद्यनिर्माते का बिथरले?

बाहेरून आलेला एक तरुण बासरीपासून ट्रम्पेटपर्यंत सगळ्यांच्याच धंद्यात हात घालतो, हे स्थानिकांना रुचणे शक्य नव्हते. त्यात सरकारी कंत्राटाचा प्रश्न आला. २२ एप्रिल १८४५ रोजी शां द मार्सच्या मैदानावर दोन बँडची जाहीर चुरस झाली. एक जुन्या पद्धतीचा, दुसरा सॅक्स यांच्या वाद्यांचा. सॅक्स यांचे वादक संख्येने कमी होते, तरीही हजारोंच्या गर्दीने त्यांच्याच बाजूने कौल दिला. त्याच वर्षी फ्रेंच सैन्यातील बँडची रचना सॅक्स यांच्या वाद्यांप्रमाणे करण्याचा आदेश निघाला. संपूर्ण सैन्याला वाद्ये पुरवायची म्हणजे केवढी उलाढाल! ती एका परक्याच्या हाती गेली. प्रतिस्पर्धी निर्मात्यांनी मग एकजूट केली, वर्गणी काढली आणि वकील नेमले.

पेटंट असताना खटले कसे उभे राहिले?

फ्रान्सचा १८४४ चा पेटंट कायदा इथे कळीचा ठरतो. या कायद्यानुसार ५, १० किंवा १५ वर्षांचे पेटंट मिळे आणि त्यासाठी दर वर्षी १०० फ्रँक भरावे लागत. पण शोध खरोखर नवा आहे की नाही, हे सरकार आधी तपासतच नसे. सरकार हमी देत नाही, असे पेटंटधारकाला स्वतःच जाहीर करावे लागे. साहजिकच खरी परीक्षा न्यायालयात होई. नक्कल करणाऱ्याचा माल जप्त करण्याचा अधिकार पेटंटधारकाला होता. त्याचप्रमाणे हा शोध जुनाच आहे, असे दाखवून पेटंट रद्द करून घेण्याची वाट प्रतिस्पर्ध्यालाही मोकळी होती.

सॅक्स यांनी मार्च १८४६ मध्ये सॅक्सोफोनच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जूनमध्ये ते मंजूर झाले. त्याआधी १८४३ आणि १८४५ मध्ये त्यांनी सॅक्सहॉर्न व सॅक्सोट्रोम्बा या पितळी वाद्यांच्या कुळांची पेटंटे घेतली होती. विरोधकांनी या साऱ्यांवर एकदमच हल्ला चढवला. सॅक्सोफोन नावाचे वाद्य अस्तित्वातच नाही, असेल तर ते वाजवता येत नाही आणि वाजत असेल तर ते पूर्वीपासूनच आहे, असे त्यांचे एकमेकांना छेद देणारे दावे होते. पुरावा म्हणून त्यांनी वापरलेली युक्ती तर नकली मालाच्या इतिहासात वेगळीच ठरावी. सॅक्स यांच्याच कारखान्यातली वाद्ये विकत घ्यायची, त्यांवरील नाव घासून काढायचे, तिथे परदेशी निर्मात्याचे नाव कोरायचे आणि हे बघा, हे वाद्य बाहेर आधीपासून बनते, असे न्यायालयात सांगायचे. खोट्या मालावर खऱ्याचे नाव कोरणारे पुष्कळ असतात. इथे खऱ्या मालावर खोटे नाव कोरले जात होते.

सॅक्स यांची बाजू सर्वस्वी खरी होती?

नाही, आणि इथेच प्रकरण गुंतागुंतीचे होते. सॅक्सोफोन त्यांचाच होता, याविषयी आज वाद नाही. सॅक्सहॉर्नचे तसे नाही. पितळी वाद्यांना झडपा बसवण्याची कल्पना जर्मन कारागिरांची. तिला प्रशियात १८१८ मध्येच पेटंट मिळाले होते. बर्लिनचे बँडप्रमुख विल्हेल्म व्हिपरेख्ट यांनी ही वाद्ये आपल्याकडे आधीपासून आहेत, असे सांगितले, ते अगदीच बिनबुडाचे नव्हते. सॅक्स यांचे श्रेय असे, की त्यांनी विखुरलेल्या वाद्यांना एकाच प्रमाणात, लहानापासून मोठ्यापर्यंत, एका कुटुंबात बांधले. एवढ्यावर मक्तेदारी द्यावी का, हा प्रश्न फ्रान्सच्या न्यायाधीशांना अनेक वर्षे पडला. आजही संगणकप्रणाली आणि औषधांच्या खटल्यांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो.

निकाल काय लागला?

दरम्यान १८४८ च्या क्रांतीत राजा लुई-फिलिप यांची सत्ता गेली आणि नव्या सरकारने सैन्यातील बँडचा आदेश रद्द केला. मागणी थांबली, वकिलांची बिले थांबली नाहीत. १८५२ मध्ये सॅक्स पहिल्यांदा दिवाळखोर झाले. १८५४ साली मात्र चक्रे फिरली. रूआँच्या न्यायालयाने पेटंटे वैध ठरवली, सम्राट तिसरे नेपोलियन यांनी सॅक्स यांना राजाश्रय दिला आणि सैन्यात त्यांची वाद्ये परतली.

मग सॅक्स यांनी उलट मोहीम उघडली. कारखान्यांवर जप्तीचे छापे पडू लागले. गुस्ताव बेसाँ या नामांकित निर्मात्याने खटला हरल्यावर पॅरिस सोडून लंडनमध्ये बस्तान बसवले. पिएर-लुई गोत्रो यांच्यासारख्या बड्या कारखानदाराला तडजोड करून पैसे मोजावे लागले. पण प्रत्येक विजयामागे नवे अपील उभेच असे.

याच काळात सॅक्स यांच्या ओठावर गाठ आली. शस्त्रक्रियेत ओठ गेला असता, तर वादन संपले असते. पॅरिसमध्ये काळा डॉक्टर म्हणून गाजलेल्या एका वैदूच्या वनस्पतींच्या औषधांनी ती गाठ गेली, असे सॅक्स मानत. पुढे त्याच वैदूवर बेकायदा वैद्यकी केल्याबद्दल खटला चालला. नकली मालाविरुद्ध लढणाऱ्याचा जीव नकली डॉक्टरने वाचवावा, हा योग विलक्षणच.

पेटंट संपल्यावर काय झाले?

न्यायालयात गेलेली वर्षे लक्षात घेऊन १८६० मध्ये खास कायद्याने पेटंटची मुदत ५ वर्षांनी वाढवण्यात आली. १८६६ मध्ये सॅक्सोफोनचे पेटंट संपले आणि आतापर्यंत जे करणे गुन्हा होता, ते कोणालाही उघडपणे करता येऊ लागले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर पॅरिसच्या संगीत विद्यालयातील सॅक्स यांचा सॅक्सोफोनचा वर्गही बंद पडला. १८७३ मध्ये दुसरी आणि १८७७ मध्ये तिसरी दिवाळखोरी आली. त्यांनी जगभरातून जमवलेल्या चारशेहून अधिक वाद्यांचा संग्रह त्याच वर्षी लिलावात गेला.

उतारवयात ऑपेरातील रंगमंचामागच्या बँडचे काम तेवढे उरले. १८८७ मध्ये त्यांनी मदतीसाठी जाहीर विनंती केली. फेब्रुवारी १८९४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यानंतर पाव शतकातच अमेरिकेत सॅक्सोफोनची लाट उसळली. तिथले कारखाने हजारोंनी वाद्ये काढू लागले आणि त्यातला एक छदामही सॅक्स कुटुंबाला देणे लागत नव्हते. मुलाने चालवलेला कारखाना १९२० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्याच सेल्मर कंपनीकडे गेला.

आजचे चित्र काय?

भारतात पेटंटची मुदत आता २० वर्षे आहे आणि शोधाचे नावीन्य आधी तपासले जाते. ज्या वाद्यांचा एकच असा शोधक नाही, त्यांना वेगळे संरक्षण मिळते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच प्रकारचे. मिरजेत न घडलेली सतार मिरजेची म्हणून विकली, तर आता कायद्याचा आधार घेता येतो. सॅक्सोफोनच्या बाबतीत पेटंट नाही, तरी कंपनीचे नाव आणि चिन्ह संरक्षित असते. म्हणून ऑनलाइन स्वस्तात मिळणारे नामांकित कंपनीचे वाद्य घेण्यापूर्वी त्यावर कोरलेला अनुक्रमांक कंपनीकडे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे पडताळून पाहावा. सॅक्स यांच्या कारखान्यातील वाद्यांवरही नाव, पत्ता आणि अनुक्रमांक असे. संग्रहालयांतील जाणकार त्यावरूनच त्यांची अस्सल वाद्ये ओळखतात.