पुण्याची गोदावरी गोखले वारल्यांची गोदूताई कशी झाली?

लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला लग्नगडी म्हणायचे. ही गुलामी मोडणाऱ्या लढ्याचं मोठं नाव म्हणजे गोदावरी परुळेकर.

जन्म १९०७ चा, पुण्याचा. कायद्याची पदवी घेतली. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि पुढे दोघं कम्युनिस्ट चळवळीत उतरले.

१९४५ च्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांची सभा भरली. ठरलं, यापुढे वेठबिगार बंद!

जमीनदार बिथरले. ऑक्टोबरमध्ये गोदूताईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा उठली. त्यांना वाचवायला वारली तलवाड्यात जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ५ जण गेले. तरी वारली हटले नाहीत. वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत मोडलीच.

या लढ्यावरच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. १९९६ मध्ये त्या गेल्या.

आज सोलापूरजवळ विडी कामगार बायकांची हजारो घरांची वसाहत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.